इतिवृत्तात न आलेलं

विषय क्रमांक चार : ग्रंथालयाच्या वेबसाइटसाठी प्रणालीची निवड.
उपस्थिती आठ, अधिक मी.
तेलावीचं नगर ग्रंथालय, हीटर एकच,
तोही संचालकांच्या पायाशी.

तिबिलिसीहून आलेला माणूस कोट न काढताच बोलला.
त्याच्या पडद्यावर आमचं ग्रंथालय
आमच्यापेक्षा देखणं दिसत होतं.
परवान्याचं दरसालचं शुल्क
त्याने जाता जाता सांगितलं,
छत्री विसरू नका म्हणावं तसं.
"तुम्हाला काहीच करावं लागणार नाही."
हे वाक्य मी लिहून घेतलं
आणि का कोण जाणे, अधोरेखित केलं.

मग त्सिसाना बोलली.
ती बारकोड चिकटवते, बैठकीत कधी बोलत नाही.
उद्या आम्ही तुम्हाला सोडलं, तर आमच्या नोंदी?
एकेचाळीस हजार कार्डं,
तिच्या सासूने जांभळ्या शाईत लिहिलेली,
आम्ही दोघींनी चार हिवाळे बसून टंकलेली.
"मिळतील की."
कशा?
तो पाणी प्यायला.
"पीडीएफमध्ये."

इतिवृत्त : तांत्रिक शंकांचे निरसन करण्यात आले.

गोचा आला तो चिखलाच्या बुटांनी.
त्याची प्रणाली ओबडधोबड, करड्या रंगाची,
बटणं कुठेही.
फुकट ना, म्हणत हिशेबनीस मालखाझ पुढे सरकले.
फुकट नाही, मोकळी, गोचा म्हणाला,
आणि त्याने तिचं पोटच उघडून दाखवलं :
आपल्या लिपीतली टाकून दिलेली पाच अक्षरं,
जी आता फक्त आपल्या तळघरातल्या पुस्तकांत उरलीत,
ती अनुक्रमात शेवटी ढकलली जायची.
बातुमीच्या एका शिक्षिकेने ती जागेवर बसवली.
हे बघा, तिचं नाव. ही तारीख. रात्रीचे पावणेतीन.

कोटवाल्याने मान डोलावली.
त्यांच्याकडे ही सूचना
पुढच्या आवृत्तीसाठी नोंदवलेली होती.
कितव्या, ते त्याने सांगितलं नाही.

मला वाटलं, झालं, ठरलं.
पण मालखाझ चष्मा पुसत म्हणाले,
गोचा, आणि तू गेलास तर?

तुझे जर्मनीचे कागद
गावात कुणाला माहीत नाहीत?

गोचा खिडकीबाहेर बघत राहिला.
कोटवाल्याच्या पाण्याच्या घोटापेक्षा
ही शांतता बरीच लांब होती.
मालखाझच पुन्हा बोलले, उगाच, स्वतःशी :
माझ्या अंगणात रांजण पुरलेत, आजोबांपासूनचे.
दर शरदात आत उतरून घासावे लागतात,
दुसरं कुणी उतरत नाही.
गेल्या साली कंबर धरली, बाटल्या विकत आणल्या.
झाकण काढलं की झालं. सोयीचं आहे.
"चव?" कुणीतरी विचारलं.
ते चष्मा पुसत राहिले.

"नातेला, रांजण लिहू नकोस," संचालक म्हणाले.
मी खोडलं.

मतं चार-चार.
निर्णय पुढील बैठकीवर.
संचालकांनी हीटर बंद केला म्हणजे सभा संपली.

किल्ल्या द्यायला खाली गेले, तर दिवा चालू.
त्सिसाना स्टुलावर, गोचा उभा,
दोघांच्या मध्ये कॉम्प्युटर.
ती रद्द कार्डांच्या कोऱ्या पाठीवर
एकेक पायरी उतरवून घेत होती,
सासूसारख्याच वळणाने, शाईसुद्धा तीच.
सर्व्हर पडला तर आधी काय.
प्रत कुठे ठेवायची, कोणत्या वारी.
"हळू सांग रे, मी म्हातारी आहे."
"हे तिसऱ्यांदा सांगतोय."
"मग चौथ्यांदा सांग."

सातव्या कार्डाशी तो थांबला,
वाकून तिच्या कानात पासवर्ड सांगितला.
तिने लेखणी टेकवली नाही.
ओठ तेवढे हलले, दोनदा, तीनदा,
मुलं पाढे घोकतात तसे.

मी दुसरीकडे पाहिलं,
किल्ल्या खिळ्याला अडकवल्या,
आणि जिना मोजत वर आले.